चार गुणांनी हरलेला सामना आणि रिपोर्टमधला ठळक आकडा



लॅबमधून रिपोर्ट आला की बहुतेक जण तो कसा वाचतात, ते मला आता पाठ झालं आहे. वर नाव बरोबर आहे ना ते बघायचं आणि मग नजर थेट ठळक छापलेल्या आकड्यावर. त्याच्या शेजारी एक बाण असतो, वर जाणारा नाही तर खाली येणारा. बाकीच्या पंचवीस ओळी कोणी वाचत नाही. तो एक आकडा घेऊन मंडळी गूगलवर जातात आणि माझ्यापर्यंत येतात तेव्हा रात्रभर झोपलेली नसतात.

आज याच विषयावर लिहायचं आहे, पण उदाहरण दवाखान्यातलं न घेता बास्केटबॉलमधलं घेणार आहे. या खेळात सामना संपला की प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचा एक तक्ता निघतो. त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. डावीकडे नावं आणि पुढे रकाने: किती मिनिटं खेळला, किती शॉट मारले, त्यातले किती बास्केटमध्ये गेले, किती रिबाउंड घेतले (म्हणजे हुकलेला बॉल परत ताब्यात घेणं), किती असिस्ट दिले, किती वेळा बॉल गमावला. दिसायला अगदी आपल्या रक्ततपासणीच्या रिपोर्टसारखा. आणि लोक तो वाचतातही तसाच. एक मोठा किंवा लाजिरवाणा आकडा शोधायचा आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं.

मी ज्या सामन्याचा तक्ता अनेकदा उघडून बघते, तो १९ जून २०१६ चा, अमेरिकेतल्या ओकलंड शहरातला. आपल्याकडे तेव्हा २० जूनची सकाळ उजाडली होती. एनबीएच्या अंतिम फेरीचा सातवा, म्हणजे शेवटचा सामना. एका बाजूला गोल्डन स्टेट वॉरियर्स. त्या हंगामात साखळीतल्या ८२ सामन्यांपैकी ७३ जिंकलेला संघ. इतके सामने त्याआधी कोणी जिंकले नव्हते. दुसऱ्या बाजूला क्लिव्हलँड कॅव्हेलियर्स. चार सामन्यांनंतर ते १-३ असे मागे होते आणि तिथून त्यांनी ३-३ बरोबरी केली होती. क्लिव्हलँड शहराला मोठ्या व्यावसायिक खेळातलं विजेतेपद १९६४ नंतर मिळालेलं नव्हतं.

आता एक गंमत बघा. पहिल्या सहा सामन्यांत दोन्ही संघांचे एकूण गुण मोजले तर ते दोघांचेही ६१०. अगदी समसमान. आणि सातव्या सामन्यात शेवटची साडेचार मिनिटं उरली असताना गुणफलक होता ८९-८९. म्हणजे जवळजवळ सात पूर्ण सामने खेळून झाल्यावर ६९९ विरुद्ध ६९९. पुढची पावणेचार मिनिटं कोणालाच गुण मिळाला नाही. मग ५३ सेकंद उरले असताना क्लिव्हलँडच्या कायरी अर्व्हिंगने तीन गुणांचा शॉट मारला, नंतर लेब्रॉन जेम्सने दोनपैकी एक फ्री थ्रो साधला, आणि क्लिव्हलँड ९३-८९ असं जिंकलं.

इतक्या काठावरच्या सामन्यानंतर तक्ता हातात आला की काय होतं? कारण शोधायला सुरुवात होते. आणि काठावरच्या सामन्यात प्रत्येक ओळीत कारण सापडतं.

पहिला आरोपी स्टीफन करी. त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून झाडून सगळी पहिल्या क्रमांकाची मतं मिळवणारा, एनबीएच्या इतिहासातला तसा पहिलाच. त्याची त्या दिवशीची ओळ: १९ पैकी ६ शॉट, तीन गुणांचे १४ पैकी ४, एकूण १७ गुण. साखळीत तो सामन्याला सरासरी ३० गुण काढत होता. झालं! 'मोठ्या सामन्यात दबून गेला' असा शिक्का बसला.

पण जरा शांतपणे गणित करू. पूर्ण हंगामात त्याचे तीन गुणांचे शंभरातले साधारण ४५ शॉट साधत होते. त्या हिशोबाने १४ शॉटमध्ये सहा जायला हवे होते. गेले चार. फरक दोनाचा. नाणं चौदा वेळा उडवून छापा सातऐवजी पाच वेळा पडला तर तुम्ही नाण्याला दोष द्याल का? एवढी चढउतार चौदा प्रयत्नांत होणारच. आता त्याच संघातल्या ड्रेमंड ग्रीनची ओळ बघा: ३२ गुण, १५ रिबाउंड, ९ असिस्ट. तीन गुणांचे ८ पैकी ६. त्याचं हंगामातलं प्रमाण होतं सुमारे ३९ टक्के, म्हणजे आठात तीन अपेक्षित. त्या दिवशी तीन जास्त गेले. करीला दोन कमी, ग्रीनला तीन जादा. दोन्ही एकाच जातीचे फरक, पण एक खलनायक झाला आणि दुसऱ्याला लोक म्हणाले, बिचाऱ्याने एकट्याने किती केलं!

यापेक्षा बोलकं उदाहरण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिळालं. ४ तारखेच्या सामन्यात करीने तीन गुणांचे दहा शॉट मारले आणि दहाही हुकले. ७ तारखेला, मध्ये एक शनिवार-रविवार गेल्यावर, त्याने १७ पैकी १३ साधले. एका सामन्यात १३ हा तेव्हाचा विक्रम होता. माणूस तोच, हात तोच. ४ तारखेच्या तक्त्यावरून कोणी त्याच्यावर उपचार सुरू केले असते, तर ७ तारखेला उपचारांचा केवढा गाजावाजा झाला असता!

हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं, कारण वैद्यकात हे रोज घडतं. कोणाची टीएसएच तपासणी मर्यादेच्या किंचित वर येते. थायरॉइडचा हा आकडा दिवसभरातही कमीजास्त होत असतो, रात्री आणि पहाटे तो जास्त असतो. पुढच्या तपासणीत तो खाली येतो, आणि मधल्या काळात जे काही घेतलं असेल, काढा, गोळी, शेजारच्या काकूंनी सांगितलेला पाला, त्याला श्रेय जातं. रक्तदाबाचंही तेच. जिना चढून, रिक्षावाल्याशी वाद घालून आलेल्या माणसाचा दाब दारातच मोजला आणि १५० आला, तर तो त्या सामन्याचा आकडा झाला, हंगामाचा नव्हे. म्हणून पाच मिनिटं शांत बसवून, वेगवेगळ्या दिवशी निदान दोनदा मोजल्याशिवाय, जमल्यास घरीही मोजल्याशिवाय, 'तुम्हाला बीपी आहे' असं म्हणू नये. साखरेसाठी तर आपल्याकडे हंगामाची सरासरी सांगणारी तपासणीच आहे, एचबीएवनसी. मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर साधारण कुठे होती ते ती सांगते. (अ‍ॅनिमिया असेल तर ही सरासरीही फसवू शकते, तेव्हा तो असेल तर डॉक्टरांना सांगा.) तपासणीच्या आदल्या दोन दिवशी गोड बंद करून फक्त उपाशीपोटीची साखर सुंदर दाखवणारे महाभाग मला भेटतात. एका सामन्यात १७ पैकी १३, आणखी काय!

आता ठळक छापलेल्या आकड्याबद्दल. रिपोर्टमध्ये उजवीकडे जी 'नॉर्मल' मर्यादा असते, ती बहुतेक तपासण्यांसाठी अशी ठरवतात: निरोगी माणसांची तपासणी करायची आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात तो पट्टा छापायचा. म्हणजे ठणठणीत माणसांपैकीही शंभरात पाच त्या पट्ट्याबाहेर असणार, हे मुळातच ठरलेलं आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा वीस तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टमध्येही निदान एक बाण येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. म्हणून 'ऐंशी तपासण्या फक्त इतक्या रुपयांत' अशी जाहिरात बघितली की मला पोटात गोळा येतो. ऐंशी तपासण्यांत बाण निघणारच. मग त्या बाणामागे सोनोग्राफी, सोनोग्राफीत दिसलेल्या ठिपक्यामागे सीटी स्कॅन. माझं स्पष्ट मत आहे की लक्षणं नसताना, वय आणि घराण्यातले आजार न विचारता केलेली ही सरसकट पॅकेजं आरोग्यापेक्षा काळजीच जास्त विकतात.

तक्त्यात जे छापलं आहे त्याचं हे झालं. जे छापलंच नाही त्याचं काय?

त्या सामन्यातला सगळ्यात गाजलेला क्षण, शेवटची १ मिनिट ५० सेकंद उरली असतानाचा. वॉरियर्सचा आंद्रे इग्वोडाला बॉल घेऊन बास्केटखाली पोहोचला होता, दोन गुण जवळजवळ ठरलेले. मागून धावत आलेल्या लेब्रॉनने तो शॉट बोर्डावर थोपवला. तक्त्यात याची नोंद: लेब्रॉन, ब्लॉक, १. पण व्हिडिओ नीट बघा. लेब्रॉन पोहोचण्याआधी जे. आर. स्मिथ इग्वोडालाच्या आडवा गेला होता. त्याला चुकवायला इग्वोडालाने हवेतच शॉट थोडा लांबवला, आणि तेवढ्या निमिषात लेब्रॉन पोहोचला. स्मिथच्या ओळीत याबद्दल काही नाही. आपल्या क्रिकेटमध्येही सीमारेषेवर अडवलेला चौकार त्या क्षेत्ररक्षकाच्या नावावर कुठेच लागत नाही.

अर्व्हिंगच्या त्या शॉटनंतर वॉरियर्सना लगेच तीन गुण हवे होते. बॉल करीकडे आणि त्याच्यासमोर केव्हिन लव्ह. लव्ह उंच, अंगाने जड, पायांनी चपळ म्हणून ओळखला जाणारा नव्हे. जगातल्या सर्वांत अचूक नेमबाजासमोर त्याला एकटं सापडू देणं म्हणजे आत्मघात, असं कोणीही म्हटलं असतं. याच अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात लव्हच्या डोक्याला मार लागला होता आणि मेंदूला हादरा बसला म्हणून तिसऱ्या सामन्यात त्याला बसवलं होतं. (डॉक्टर म्हणून सांगते, त्याला बसवलं ते अगदी योग्य केलं. डोक्याला मार लागून गरगरणाऱ्या मुलाला शाळेच्या मैदानात पुन्हा उतरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.) तर हा लव्ह करीपुढे डावीउजवीकडे पाय टाकत राहिला, त्याला मोकळी जागा दिली नाही, आणि करीचा शॉट हुकला. तक्त्यात करीच्या हुकलेल्या शॉटमध्ये एकाची भर पडली. लव्हच्या ओळीत काहीही नाही. त्याचे दिवसभराचे गुण फक्त ९.

मात्र लव्हच्या ओळीत अगदी शेवटी एक आकडा आहे, अधिक १९. हा रकाना जरा वेगळा. खेळाडू मैदानात असताना संघाने प्रतिस्पर्ध्यापेक्षा किती गुण जास्त मिळवले, ते तो सांगतो. लव्ह मैदानात होता त्या साधारण तीस मिनिटांत क्लिव्हलँड १९ गुणांनी पुढे. तो बाहेर बसला त्या अठरा मिनिटांत १५ गुणांनी मागे. त्या दिवशी दोन्ही संघांत इतका मोठा अधिक आकडा दुसऱ्या कोणाचा नव्हता. मला हा रकाना आवडतो, आणि मी त्याला घाबरतेही. आवडतो, कारण न मोजलेलं काम तो आडवाटेने पकडतो. घाबरते, कारण मैदानात लव्हबरोबर आणखी चौघे होते. त्यांच्या चांगल्या खेळाचा वाटाही त्या १९ मध्ये आहे. 'अमुक घेतलं आणि बरं वाटलं' हे वाक्य याच जातीचं. सर्दीतापाच्या तिसऱ्या दिवशी जे सुरू कराल त्याला अधिक १९ मिळतात, कारण चौथ्या-पाचव्या दिवशी ताप तसाही उतरणार असतो.

रिपोर्टमध्ये न दिसणारी गोष्ट किती महत्त्वाची असते, याचं एक उदाहरण देते. सत्तरीच्या एक बारीक चणीच्या आजी. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन ०.६, आता १.१. दोन्ही वेळा आकडा मर्यादेच्या आत, ठळक छपाई नाही, बाण नाही. घरचे निश्चिंत. पण ज्या माणसाच्या अंगावर मांस कमी आहे, त्याचं क्रिएटिनिन ०.६ वरून १.१ वर जाणं म्हणजे मूत्रपिंडांचं काम बऱ्यापैकी मंदावलं असण्याची शक्यता. गुडघेदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची चौकशी तेव्हाच व्हायला हवी. 'सगळं नॉर्मल आहे' असं म्हणून जुने रिपोर्ट रद्दीत टाकणाऱ्यांना ही ओळ कधीच वाचता येत नाही, कारण ती कुठल्याही एका कागदावर नसते. ती दोन कागदांच्या मध्ये असते.

पुन्हा सामन्याकडे येते, कारण एक गोष्ट राहिली आहे आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत जड आहे. शेवटची पाचेक मिनिटं उरली असताना करीने पाठीमागून एक दिमाखदार पास दिला आणि बॉल थेट मैदानाबाहेर गेला. तो पास नंतर टीव्हीवर शेकडो वेळा दाखवला गेला. 'तो पास दिला नसता तर...' यावर आजही वाद घालणारे आहेत. आणि इथे मात्र तक्ता माणसांपेक्षा न्यायी आहे. तक्त्यात त्या पासची नोंद 'बॉल गमावला, १' एवढीच. पहिल्या दहा मिनिटांत कोणी बॉल गमावला असेल तर त्याचीही नोंद तेवढीच. चार गुणांनी हरलेल्या सामन्यात पहिल्या दहा मिनिटांतली चूकही तेवढीच महाग असते. फक्त ती कोणाला आठवत नाही, कारण ती शेवटची नसते. त्याच तक्त्यात हेही आहे की क्लिव्हलँडने फ्री थ्रोवर २१ गुण कमावले, वॉरियर्सनी १०. ही ओळ टीव्हीवर शेकडो वेळा दाखवण्यासारखी नाही, म्हणून ती कोणी दाखवत नाही.

घरातलं माणूस दीर्घ आजारानंतर गेलं की नातेवाईक माझ्यासमोर बसून हेच करतात. 'शेवटच्या दिवशी मीच त्यांना पेज भरवली, त्यानेच दम लागला का हो?' 'आदल्या रात्रीच हलवलं असतं तर?' हृदयविकाराच्या झटक्यात आणि पक्षाघातात तासांना किंमत असते, तिथे वेळ गेल्याने नुकसान होतं, हे मी लपवणार नाही. पण पंधरा वर्षांचा मधुमेह, अर्ध्यावर आलेलं हृदय, थकलेली मूत्रपिंडं, असा लांबलेला सामना शेवटच्या वाटीभर पेजेने हरला जात नाही. त्या मुलीला, त्या सुनेला फक्त शेवटची पाच मिनिटं दिसत असतात. अशा वेळी मी जुनी फाइल काढते आणि तारखांसकट सगळा तक्ता वाचून दाखवते. त्याने दुःख कमी होत नाही, पण खांद्यावरचा तो एक आरोप बऱ्याचदा उतरतो.

हे सगळं वाचून कोणी असा अर्थ काढू नये की बाण आला तरी चालतं. काही आकडे सरासरीची वाट बघत नाहीत. पोटॅशियम ६.५ आलं तर सॅम्पल बिघडलं असेल अशी शंका जरूर घ्यावी, पण त्याच दिवशी, त्याच तासात डॉक्टरांकडे. हिमोग्लोबिन ६, साखर ४०० आणि सोबत उलट्या किंवा गुंगी, रक्तदाब १८०/१२० आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना जीभ अडखळणं: यात 'पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजू' नाही. गाडी काढायची आणि निघायचं. लॅबनेच फोन करून आकडा कळवला असेल, तर तो फोन गंभीरपणे घ्या.

बाकीच्या वेळी माझी एवढीच मागणी आहे. ठळक आकड्याचा मोबाइलवर काढलेला एकटा फोटो मला पाठवू नका. पूर्ण पान पाठवा. मागचे दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट तारखेनुसार लावून आणा, एकाच लॅबचे असले तर उत्तम. घरी बीपी मोजत असाल तर वही आणा, आणि तीत जास्त आलेले आकडे खोडू नका. कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यात दुकानातून स्वतःहून आणलेल्या कोणत्या, तेही लिहून आणा. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी जे नेहमी खाता तेच खा. करीने ४ नोव्हेंबरचा सामना लपवला नव्हता, तो आजही त्याच्या नावावर आहे: दहापैकी शून्य.